शेवटचा स्वच्छ फोटो

१९९९ साल. इंदिरानगरमधल्या आमच्या छोट्या ऑफिसातून फ्लॉप्यांचे खोके गायब होत होते, म्हणून कंपनीचे मालक वासुदेव सर यांनी परदेशातून नेटवर्क कॅमेरा मागवला. दोन दिवस खपून मी तो ऑफिसच्या नेटवर्कला जोडला आणि हॉलच्या दारावर बसवला. तेव्हापासून सर केबिनमधल्या कॉम्प्युटरवर आम्हालाच बघत बसायचे.

आयुधपूजेची, म्हणजे हत्यारं-यंत्रं पुजायच्या सणाची, सुट्टी संपवून आम्ही परतलो, तर सरांच्या स्क्रीनवर नुसता लाल डाग.

"कॅमेऱ्याची काच कुणीतरी मुद्दाम बरबटवलीय," बोटातली पोवळ्याची अंगठी टेबलावर टकटक आपटत सर म्हणाले. मग त्यांची नजर झाडलोट करणाऱ्या अंबूबाईंवर थांबली. "किल्ली तुमच्याकडे असते ना?"

"असते की, अण्णा. पण माझा हात तिथवर पोचतो का?"

"स्टुलावर चढलं की पोचतो. किल्ली ठेवा इथे. उद्यापासून येऊ नका."

अंबूबाईंनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

मला राहवलं नाही. "सर, कॅमेरा दर दहा सेकंदांनी एक फोटो सर्व्हरवर ठेवतो. डाग पडायच्या आधीचा शेवटचा फोटो बघू या."

सगळे सरांच्या खुर्चीमागे जमले. मी फोटो उघडला.



पूजेच्या ओल्या कुंकवात बुडवलेलं एक बोट कॅमेऱ्याकडे येत होतं, आणि त्या बोटात पोवळ्याची अंगठी होती.