उघडी राहिलेली खिडकी

"ही एवढी एकच खिडकी कशी उघडी राहिली?" तपासनिसांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

कंट्रोल रूममधले सगळे तिकडे बघू लागले. चष्मेवाल्या ऑपरेटरनं मान खाली घातली.

तोवर सगळं कसं छान चाललं होतं. वरच्या कार्यालयातून आलेल्या या तपासनिसांना कंट्रोल रूमच्या प्रमुख असलेल्या हेडबाईंनी सगळं शहर बसल्या जागी फिरवून आणलं होतं. चौक, पूल, बाजार, बसथांबा. खांबाखांबावर कॅमेरे, आणि त्यांच्या टप्प्यात येणाऱ्या प्रत्येक घराच्या खिडकीवर स्क्रीनमध्ये एक काळी चौकट. रस्ता दिसायचा, घरातलं काही नाही.

या चौकटी हेडबाईंनी स्वतः एकेक करून बसवल्या होत्या. कॅमेरे नवे लागले तेव्हा कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं भर दुकानात त्यांना विचारलं होतं, "आमच्यावर तुमची नजर, मग तुमच्यावर कुणाची?" ते त्यांना फार लागलं होतं.

"तेव्हापासून या खोलीतून कुणी कुणाच्या घरात डोकावलेलं नाही," हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढलाच होता. आपल्या कामाचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती.

आणि आता ही खिडकी. बेकरीच्या वरची. आत एक म्हातारी खुर्चीत बसून लोकरीचं काहीतरी विणत होती. केस चापूनचोपून बसवलेले, कपडे ठेवणीतले.

"नजरचुकीनं राहिली असेल," तपासनीस म्हणाले. ते बाईंना सुटायला वाट देत होते.

"नाही. तिथली चौकट मी काढलीय," हेडबाई म्हणाल्या.

"तुम्ही?"

"पासवर्ड माझ्याकडेच असतो."

तपासनिसांनी खुर्ची पुढे ओढली. "घरातल्यांना विचारलंत?"

"सगळ्यांना. म्हातारीनं तर अट घातली, वेणी झाल्याशिवाय पडदा उघडणार नाही म्हणून."

"ओळखीचं घर दिसतंय."

"चांगलंच ओळखीचं."

तेवढ्यात म्हातारीनं मान वर केली, थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि जीभ काढून दाखवली. चष्मेवाल्याचे खांदे हलले. त्यानं मान आणखी खाली घातली. बिचारा शरमेनं अर्धा झालाय, असं तपासनिसांना वाटलं.

"बघा. त्या बाईंना हे अजिबात पसंत नाही."

"त्यांना पसंत पडलेली गोष्ट मी अजून पाहिलेली नाही," हेडबाई म्हणाल्या.

आता मात्र तपासनीस उखडले. "बाई, थट्टेवारी नेऊ नका. लोकांच्या घरात डोकावायला सरकारी कॅमेरा वापरलात, असं मला लिहावं लागेल. नोकरी जाईल तुमची. आणि उद्या तुमच्या या काळ्या चौकटींवर तरी कोण विश्वास ठेवेल? ते घर कुणाचं एवढं सांगा, मग बघू."

हेडबाईंचा चेहरा उतरला. नोकरीचं ऐकून नव्हे, चौकटींचं ऐकून. पण क्षणभरच.

"मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बाई वेळ मारून नेतायत. तुम्हीच बघा ना."

त्यांची कामाची पाळी संपली होती. त्यांनी ड्रॉवरला कुलूप लावलं, हिरवी पिशवी खांद्याला अडकवली. "तुम्ही बसा सावकाश. स्क्रीनसमोरून हलू मात्र नका."

आणि त्या ताठ मानेनं निघूनही गेल्या. केवढी ही मिजास, तपासनीस मनाशी म्हणाले. मग खोलीतल्या सगळ्यांना त्यांनी बजावलं, "त्या घरी आता कुणी फोन करायचा नाही."

"नाही करत, साहेब," चष्मेवाला म्हणाला. "गरजच नाही."

तपासनिसांनी पेनाचं टोपण काढलं आणि ते खिडकीकडे टक लावून बसले. काही वेळानं त्यांच्या लक्षात आलं, आपण एका परक्या घरात डोळे फाडून बघतोय. त्यांना उगीच अवघडल्यासारखं झालं. तरी त्यांनी नजर हलवली नाही.

बाहेर ऊन उतरलं. म्हातारीनं दिवा लावला, पुन्हा विणायला बसली. मग एकाएकी तिनं कान टवकारले, विणकाम बाजूला ठेवलं आणि काहीतरी पुटपुटत ती दार उघडायला उठली.

दार उघडलं. हेडबाई आत आल्या, हिरवी पिशवी खुंटीला अडकवली, सासूची खुर्ची जराशी बाजूला सरकवली आणि खिडकीच्या बरोब्बर मधोमध, कॅमेऱ्याकडे तोंड करून, ताठ मानेनं बसल्या.