मान डोलावली

आईनं बोलायला हात उचलले आणि समोर बसलेल्या मुलानं मान डोलावली. डोळे मात्र फोनवरच.

दुसऱ्या एखाद्या घरात हे खपून गेलं असतं. फोनमध्ये डोकं घालून नुसतं "हं, हं" करण्यावर कितीतरी संसार सुरळीत चाललेत. पण आई जन्मापासून बहिरी. तिचं सगळं बोलणं हातांनी. बघितल्याशिवाय ते ऐकणार कसं? आणि अजून तर तिनं एक शब्दही काढला नव्हता.

तिला हसू आलं. हाच का तो पोरगा? शाळेतून आला की दारातच लाकडी जमिनीवर दोनदा पाय आपटायचा. तळपायांना धक्का कळला की ती वळायची, आणि पाठीवरचं दप्तरही न काढता याचे हात सुरू! ती बोलू लागली की त्याची नजर तिच्यावरून हलत नसे. रागावली तर मात्र पठ्ठ्या तिचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवायचा. बाप हसत हसत तिला खुणेनं सांगायचा, "म्हणतोय, आईचं तोंड बंद!"

आता हा चाळिशीचा बाप्या महिन्यातून एकदा यायचा. आणि आज तिला सांगायचंच होतं. बोटांचे सांधे आखडत चाललेत, असं डॉक्टर म्हणाले होते. बोटं गेली की तिची वाचाच गेली.

तिनं जमिनीवर दोनदा पाय आपटला.

मुलगा दचकला. फोन टेबलावर पालथा ठेवून त्यानं हातांनी विचारलं, "काय गं?" सवय मोडल्यानं त्याचे हात बोबडे झाले होते.

"डॉक्टरांकडे गेले होते," तिनं सुरुवात केली. बोटं मध्येच अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडली.

मुलगा तिच्या बोटांकडे बघत राहिला. "कधीपासून?"

"याआधी तीनदा सांगितलं तुला," एकेक खूण जुळवत ती म्हणाली. "तू मान डोलावलीस."

त्यानं टेबलावरूनच तिचे दोन्ही हात धरले, घट्ट. पूर्वी ती हिसडा देऊन सोडवून घ्यायची. आज तिनं ते तसेच राहू दिले.

पालथा फोन थरथरला. टेबलावर टेकलेल्या आईच्या कोपराला ते लगेच कळलं. मुलाला ऐकूच आलं नाही.