डोणीची वाटणी

"आजपासून या घरात सामाईक असं काही म्हंजे काही राहणार न्हाई!"

रंगनाथरावांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं. आवाज असा लावला होता, की निम्म्या वालूर गावाला ऐकू जावा. तो गेलाही असेल. पण दगड कापायला आलेल्या बन्सीधरनं हातातली वायर पुढं केली आणि विचारलं, "काका, पिन कुठं खुपसू?"

वाटणीत विजेचा मीटर धाकट्या भावाकडं, पंडितकडं गेला होता. रंगनाथरावांचा नवा मीटर अजून यायचा होता. अंगणात मधोमध भिंत उभी राहिल्यापासून ते कंदिलाच्या उजेडात, मोठ्या स्वाभिमानानं जेवत होते. शेवटी वायर भिंतीवरून पलीकडं टाकावी लागली. पलीकडं पंडित बटनाला बोट लावून उभा राहिला. वीज त्याची होती. ती त्याच्या नजरेखालूनच जायला हवी होती.

राहता राहिली होती ती काळ्या दगडाची डोण. जनावरं जिच्यात पाणी पीत ती. भांडण तिच्यावरूनच पेटलं होतं. रंगनाथरावांनी सकाळी भरावी आणि पंडितच्या बैलांनी आधी येऊन रिकामी करावी, असं लय दिवस चाललं होतं. आता ती बरोबर मधोमध कापायची, असं ठरलं.

"काका, अर्ध्या डोणीत पाणी कसं थांबायचं?" बन्सीधरनं विचारलं.

"त्ये आमचं आमी बघू."

पाणी थांबणार नाही, हे रंगनाथरावांनाही कळत होतं. पण ते पंडितच्या अर्ध्यातही थांबणार नव्हतं. या विचारानं त्यांना चांगली झोप लागत होती.

"डायमंडचं ब्लेड हाय," बन्सीधर मशीन गोंजारत म्हणाला. "कडंला धातूत खऱ्या हिऱ्याचा चुरा बसवलाय. कालच परभणीहून आणलं. ह्याच्यापुढं दगड मंजी लोणी."

"त्यांना म्हणावं, बटन दाबा," रंगनाथराव म्हणाले.

"त्यांना म्हणावं, दाबलं," भिंतीपलीकडून आलं.

भिंत पुरुषभर उंच होती आणि दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं. तरी बन्सीधरनं दोन्ही निरोप जसेच्या तसे पोचवले. भल्या घरची कामं घेतली की हे करावंच लागतं.

ब्लेड किंचाळलं. गावातली कुत्री भुंकली. रंगनाथरावांनी तांब्यानं पाण्याची धार धरली. बराच वेळ गेला, आणि मशीन थांबवून पाहिलं तर डोणीवर एक रेघ उमटली होती. रेघ छान होती. तिच्यावर ठिपके देऊन रांगोळी काढता आली असती.

बन्सीधरनं ब्लेडवरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उतरला. "गुळगुळीत झालं. वरचे हिरे झिजले की भवतालचा धातू झिजावा लागतो काका, तवा आतला हिरा तोंड वर काढतो. ह्याचा धातू फरशीसाठी केलेला दिसायलाय. काळ्या दगडावर तो झिजंचना."

"मग?"

"खरबरीत वीट कापली की वरचा धातू निघून जातो. एक वीट द्या."

रंगनाथरावांनी इकडंतिकडं पाहिलं. भिंतीला विटा अशा मोजून आणल्या होत्या, की अख्ख्या अंगणात एक उरली नव्हती. बन्सीधर भिंतीकडं बघू लागला.

"ती भिंत हाय," रंगनाथराव म्हणाले.

"दिसायलीय. कुणाची हाय?"

"दोघांची!" अलीकडून आणि पलीकडून एकदमच आलं.

"मंजी सामाईक हाय," बन्सीधर म्हणाला, आणि त्यानं वरच्या थरातली एक वीट उपसली. गिलावा अजून कच्चाच होता.

वीट कापली, ब्लेड धारेवर आलं. डोण नखभर कापली गेली. ब्लेड पुन्हा गुळगुळीत. दुसरी वीट. पुन्हा नखभर. मग तिसरी. कुणाच्या बाजूची वीट जास्त गेली, यावर एकदा वाद निघाला. म्हणून बन्सीधर पुढच्या विटा आळीपाळीनं एक अलीकडची, एक पलीकडची अशा काढू लागला. "त्यांना म्हणावं, दाबा." "त्यांना म्हणावं, दाबलं." भिंत खाली येत गेली, तसे निरोप आखूड होत गेले. आधी पलीकडं पंडितची टोपी दिसली. मग कपाळ. मग डोळे. "दाबा" म्हणायला आता नुसती मान हलवली तरी पुरत होतं.

दुपार कलली तेव्हा डोणीला चार बोटं खाच पडली होती आणि भिंतीला चांगली खिडकी.

"अजून एवढीच भिंत लागंल," बन्सीधरनं उरलेल्या भिंतीकडं हात करत अंदाज दिला. "मग डोण तुटती बगा."

खिडकीच्या एका बाजूला रंगनाथराव होते, दुसऱ्या बाजूला पंडित. त्याचं बोट बटनावरच होतं. पण त्यानं बटन बंद केलं, घसा खाकरला आणि तो खिडकीशी आला.

रंगनाथराव ताठ झाले. हा माफी मागणार, हे त्यांनी ओळखलं. माफ करायच्या आधी किती वेळ आढ्याकडं बघायचं, हे त्यांनी कधीचं ठरवून ठेवलं होतं. अंगणाला आढं नव्हतं, म्हणून त्यांनी आभाळाकडं पाहिलं.

"दादा," पंडित म्हणाला, "वाटणीत विरजण तुमच्याकडंच ऱ्हायलं. वहिनीकडून चमचाभर मिळंल का?"