देवाच्या डोक्यावरचं फूल

अंगठ्याएवढा लाल भोपळा पिवळा पडून कुमुदताईंच्या हातात गळून आला. या महिन्यातला हा नववा. शेणखत घातलं, आंबट ताक शिंपडलं, तरी गच्चीतल्या वेलावर एकही टिकेना. तीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स म्हणून काढलेल्या बाईंना ही हार मान्य नव्हती.

त्यांनी वेल शेंड्यापर्यंत पुन्हा तपासला. उमललेल्या प्रत्येक फुलाखाली इवलासा भोपळा होता. नुसत्या देठावरचं, नर फूल मात्र औषधालाही नव्हतं.

त्या तडक देवघरात गेल्या. वामनराव पूजा करत होते आणि गणपतीच्या डोक्यावर भोपळ्याचं पिवळंधमक फूल होतं.

"अहो, रोज हीच फुलं तोडता?"

"मग? भोपळा धरलेल्या फुलाला मी हातसुद्धा लावत नाही," नवरा अभिमानाने म्हणाला. "ही आपली नुसतीच फुलतात."

"नुसतीच? यांचे पराग मिळाले नाहीत तर भोपळे धरतील कसे?" कुमुदताईंनी गणपतीला हात जोडले आणि ते फूल उचललं.

"अगं, देवाला वाहिलंय ते!"

"बाळंतपण अडलंय. देव समजून घेईल."

वर जाऊन त्यांनी फुलाच्या पाकळ्या काढल्या आणि पराग मादी फुलात हलकेच टेकवले.

बारा दिवसांनी भोपळा नारळाएवढा झाला. त्या सकाळी वामनराव ओल्या पंच्यानिशी गच्चीत दिसले. हातातलं नर फूल ते एकेका मादी फुलाला मनोभावे लावत होते.

"आणि पूजेला?" कुमुदताईंनी विचारलं.

"सांगितलंय देवाला, सध्या दूर्वांवर भागवून घ्या."