ब्रेकवरचा पाय

सम्राटनं स्टिअरिंग डावीकडं फिरवलं, पण गाडी वळलीच नाही. ती सरळ निघाली, वळणाबाहेरच्या बाभळींकडं. उसाच्या ट्रॉल्यांनी डांबरावर आणून टाकलेला काळा चिखल नुकत्याच पडून गेलेल्या सरीनं साबणासारखा गुळगुळीत झाला होता. त्यानं ब्रेक दाबला. गाडी आणखीच घसरली आणि तिची मागची बाजू उजवीकडं झुलायला लागली. सम्राटला काही कळेना. फोर-व्हीलचा दांडा तर त्यानं न्हावऱ्यातून, घरून निघतानाच टाकला होता. चारी चाकं ओढत असताना गाडी घसरतेच कशी? त्यानं ब्रेकवर आणखी जोर दिला.

"पाय काढ! ब्रेक सोड!"

आवाज कुणाचा, हे कळायच्या आत त्याचा पाय उचलला गेला.

"चाक रस्त्याकडं धर. रेस देऊ नको. दुसरं काय बी करू नको!"

त्यानं ऐकलं. अडकलेली चाकं पुन्हा फिरायला लागली. गाडीनं एक हिसका दिला, रस्त्याकडं तोंड केलं, दोन चाकं साइडपट्टीवर उतरवली आणि रखडत रखडत थांबली. इंजिन बंद पडलं. शेवटची बाभळ आरशाला घासून गेली होती.

गाडी कंपनीची होती, जेमतेम तीन महिन्यांपूर्वी घेतलेली. रांजणगावच्या एका कारखान्यात सम्राट ड्रायव्हर होता. साहेब चारच्या रेल्वेनं दौंडला उतरणार होते. त्यांना आणायला जाताना आईवडलांना दीक्षाकडं सोडायची परवानगी त्यानं मागून घेतली होती. दीक्षा त्याची थोरली बहीण. पाच दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली होती. आई, गिताबाई, त्याच्या शेजारी बसली होती. वडील, बन्सी, मागच्या सीटवर.

बाराएक वर्षांपूर्वी बन्सीही ड्रायव्हर होता, एका सरकारी खात्याच्या जीपवर. मग एका पावसाळी दुपारी न्हावऱ्याच्याच शिवारात ती जीप उलटली. बन्सीचा गुडघा गेला, नोकरीही गेली. पिऊन चालवत होता, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. बन्सी त्यावर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. तेव्हापासून तो लोकांच्या कांद्याची राखण करत होता. शाळेत पोरं सम्राटला 'ए उलटी जीप' म्हणून हाक मारायची. लायसन मिळालं त्या दिवशी सम्राटनं बापाला सुनावलं होतं, "मला तुम्ही काय बी शिकवायचं न्हाई." बन्सीनं मान हलवली होती. आणि खरंच, पुढं कधी एक शब्दही शिकवला नव्हता.

म्हणून आता सम्राट गोंधळला. त्यानं मागं वळून पाहिलं.

"आबा, तुम्ही वरडला?"

"न्हाई."

त्यानं आईकडं पाहिलं. गिताबाईचे दोन्ही हात डॅशबोर्डवर होते. तिचा उजवा पाय अजून अधांतरी होता. खाली टेकवायलाच तयार नव्हती ती.

"आई, ब्रेक सोडायचा हे तुला कुणी सांगितलं? तू कवा सायकलवर बी बसली न्हाईस."

"गिता, ऱ्हाऊ दे," बन्सी मागनं म्हणाला.

"बारा वर्सं ऱ्हाऊच दिलंय." तिनं पाय हळूच खाली ठेवला. "जीप मी चालवत व्हते, सम्राट. मला हौस. म्हनून हे शिकवत व्हते. अशीच सर आली, अशीच घसरली. हे वरडत व्हते, ब्रेक सोड गिता, ब्रेक सोड. मी सोडला न्हाई."

सम्राटनं वळून बापाच्या गुडघ्याकडं पाहिलं.

"माझ्याकडं लायसन कुठलं? माझ्यावर केस झाली असती. ह्यांनी मला मळ्याच्या वाटंनं घरी धाडलं आन् मोडल्या गुडघ्यानं एकटेच जीपपाशी बसून ऱ्हायले. मला दीक्षाची आन् तुझी शपथ घातली."

सम्राटला रागवायचं होतं, पण कुणावर ते उमजेना. आईवर? बापावर? लायसन मिळालं त्या दिवशी तसं बोललेल्या स्वतःवर? आरशात त्याला बन्सीचं तोंड दिसलं. चोरी पकडली गेल्यासारखा बन्सी बाहेरच्या उसाकडं बघत होता.

मागून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. सम्राटनं चावी फिरवली. इंजिन चालू झालं, पण पुढं काय करायचं ते त्याला आठवेना. हात गिअरवर गेला, तिथून फोर-व्हीलच्या दांड्यावर, तिथून परत मांडीवर आला.

"आबा," तो म्हणाला. मग आरशातून मागं बघत त्यानं विचारलं, "आबा, फोर-व्हील ठेवू, का काढू?"

दुखरा गुडघा सावरत बन्सी पुढं सरकला आणि दोन सीटांच्या मधून रस्ता बघायला लागला.

"ठेव. पर ती गाडी ओढायला असती, थांबवायला न्हाई. दुसऱ्यात टाक. वळण यायच्या आधीच हळू हो, वळणात ब्रेकला पाय लावू नको."

"आन् तरी बी घसरली तर?"

"मग काय," बन्सी म्हणाला, "तुझी आई हाय की."