तोंडाचा चाळा

दिवसभर कोंडून ठेवलेला घोडा कंटाळला की तोंडाला काहीतरी चाळा शोधतो. तबेल्यातला भुऱ्या ओठांनी दाराची कडी काढायचा आणि खुशाल अंगणभर फिरायचा. माझा दादा हे जीव तोडून सांगत होता, पण मॅनेजरने चारचौघांत त्याच्या कानाखाली आवाज काढला. "कडी लावायला तू विसरतोस आणि मुक्या जनावराच्या नावावर पावती फाडतोस?"

दादाची नोकरी गेली. भुऱ्याला खरारा करायला मी एकटीच उरले.

काल मालकीणबाई पाहुण्यांना तबेला दाखवायला आल्या, तर भुऱ्या बाहेर मोकळा आणि त्याच्या जागी आत मॅनेजर, लिदीत बूट रुतवून दार बडवतोय.

"बाई, मी पाहणी करायला आत शिरलो, तर या घोड्याने बाहेरून कडी लावली! तोंडाने! आईशप्पथ!"

पाहुणे खो खो हसत सुटले. मालकीणबाईंचा चेहरा लालबुंद झाला.

"पिऊन आलात का? वर मुक्या जनावराच्या नावावर पावती फाडताय! चाव्या ठेवा आणि चालू लागा."

मी मान खाली घालून भुऱ्याला गाजर भरवत राहिले.



कडी काढायला तो आपला आपण शिकला होता. लावायला मी शिकवलं.