दोघांची पट्टी

चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी बांधण्यात फायदा सगळा मुलीचाच होता. आळशी डोळा कामाला लागणार होता, मेंदू दोन्ही डोळ्यांचं मिळून एक चित्र जुळवणार होता आणि जवळ-लांब नीट कळणार होतं. तरी ती अडून बसली. "बाबांनीही बांधली तरच!"

शिंपीकाम करणाऱ्या बाबांनी निमूट एका डोळ्यावर पट्टी बांधली आणि काजं करायला बसले. सुई भलतीकडेच जायची, बाबा "आई गं!" म्हणून ओरडायचे आणि मुलगी खो खो हसायची. बाबा नाटकी आहेत, याची तिला खात्रीच होती.

सहा महिन्यांनी पट्टी सुटली. तिने पहिल्याच झटक्यात सुईत दोरा ओवला आणि टाळीसाठी बाबांचा हात ओढला.

"बाबा, बोटांना एवढी भोकं?"

"दिसली ना तुला? मग वसूल!"